सतरावी स्लाइड

यंदा मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास बीड शहरातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये यकृताचा एक तुकडा कापताना निम्मा वाया गेला. तुकडा नेकनूर भागातल्या कौसाबाई या पंचेचाळीस वर्षांच्या मेंढपाळ बाईंचा होता. कापणारा मी होतो.

लॅबमध्ये येण्याआधी चार वर्षं मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. काय झालं, कधी झालं आणि कुणी केलं हे पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, करणाऱ्यात आपलं नाव असलं तरी, असं तिथले संपादक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. पुढं दैनिक बंद पडलं. मी टेक्निशियनचा कोर्स केला आणि सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढली. गेल्या महिन्यात काम थांबवलं. संपादकांची शिस्त अजून सुटलेली नाही.

लॅब म्हटलं की लोकांना रक्त आणि लघवी आठवते. माझं खातं वेगळं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, पिशवी किंवा सुईनं काढलेला मांसाचा तुकडा आमच्याकडं येतो. तो फॉर्मालिन नावाच्या उग्र वासाच्या द्रावणात यावा लागतो, नाहीतर सडतो. हा नियम दरवेळी पाळला जातोच असं नाही. चौसाळ्याहून एकदा एक गाठ मिठाच्या पाण्यात आली होती. बरणीला लिंबाच्या लोणच्याचा वास येत होता. आणणारा म्हणाला, "मिठात लोणचं वर्षभर टिकतंय, हे दोन दिस न्हाई टिकनार व्हय?" परळीच्या एका किराणा दुकानदाराला त्याच्या पित्ताशयातले खडे परत हवे होते. कशाला, असं विचारलं. "बायकोला दावायचेत. तिला वाटतंय मी पोटदुखीचं सोंग करतो." खडे धुऊन, डबीत घालून दिले. तसं करायचं असतं की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही.

तुकडा आल्यावर त्यातलं पाणी टप्प्याटप्प्यानं काढून त्या जागी मेण भरतात. मग तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. ठोकळा मायक्रोटोम या यंत्राच्या पात्यावर कापला की कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहूनही पातळ काप निघतात. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेच्या स्लाइडवर उचलायचे आणि रंगवायचे. पेशींची केंद्रं निळी-जांभळी होतात, बाकीचं गुलाबी. ती स्लाइड पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि आजाराचं नाव लिहितात. आमच्या लॅबमध्ये हे काम पठाण मॅडम करत. रिपोर्टवर सही त्यांची असते. टेक्निशियनचं नाव कुठंच नसतं, त्यामुळे त्याची चूकही सहसा कुठं दिसत नाही.

कौसाबाईंची हकिगत नंतर त्यांच्या नवऱ्याकडून, नामदेव यांच्याकडून कळली. ती अशी.

दोन वर्षांपासून कौसाबाईंच्या अंगाला खाज येत होती. सुरुवात तळहात आणि तळपायांपासून झाली. अंगावर फोड नव्हते, चट्टे नव्हते. फक्त खाजवल्याचे ओरखडे. नामदेव यांच्याकडं साठेक मेंढ्या. मेंढीला खरूज झाली की तिला कळपातून बाजूला काढायचं, लोकर कातरायची आणि औषधाच्या पाण्यानं धुवायचं, ही तीन कामं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कौसाबाईंच्या बाबतीत त्यातली पहिली आणि तिसरी झाली. त्यांचं ताट वेगळं झालं, घोंगडी वेगळी झाली, त्या मेंढ्या कोंडायच्या वाघुरीच्या जाळीलगत, मेंढ्यांच्या बाजूला झोपू लागल्या. मेंढ्यांचं औषध पाण्यात घालून त्यांना दोनदा अंघोळ घालण्यात आली. दुसऱ्या वेळी चक्कर येऊन त्या पडल्या, तेव्हा ते थांबलं. खाज थांबली नाही.

वर्षभरानं डोळे पिवळे दिसू लागले. तेव्हा त्यांना बीडला, दर आठवड्याला संभाजीनगरहून येणाऱ्या पोटाच्या डॉक्टरांकडं आणलं गेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. पित्ताच्या वाटेत अडथळा असावा असे आकडे आले. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, मोठी नळीही मोकळी होती. मग अडथळा यकृताच्या आतल्या बारीक नळ्यांमध्ये असणार. शरीराच्या स्वतःच्याच पेशी या नळ्यांवर उलटतात, असा एक आजार आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. त्यात बहुतेकदा रक्तात एक ठरावीक प्रतिपिंड सापडतं आणि मग सुई टोचावी लागत नाही. कौसाबाईंच्या रक्तात ते सापडलं नाही. डॉक्टरांनी सुईनं यकृताचा तुकडा काढला आणि आमच्याकडं पाठवला. लांबीला नखाएवढा, जाडीला शेवईएवढा.

घाई यकृताची होती, तशी आणखी एका गोष्टीची होती. कौसाबाईंची एकुलती मुलगी, संगीता, चौसाळ्याला दिलेली. तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात तिला आणायचं, हे ठरलेलं. पण व्याह्यांनी निरोप धाडला होता: घरात खरूज आहे, लेक पाठवणार नाही. खरूज नसल्याचा कागद दाखवा, मग न्या.

हे सगळं मला त्या मंगळवारी माहीत नव्हतं. ठोकळ्यावर फक्त नंबर होता.

आता चूक. मेणात बसवताना तुकडा सपाट बसला पाहिजे. हा किंचित तिरका बसला होता, एक टोक वर आणि एक खाली. बसवला मीच होता. ठोकळा यंत्रावर चढवल्यावर वरचं मेण जाड कापांत काढून टाकतात, तुकड्याचं पूर्ण तोंड उघडं होईपर्यंत. तिरक्या तुकड्याचं पूर्ण तोंड उघडायची वाट बघत बसलं, तर वरचं टोक मेणाबरोबर निघून जातं. ते तसं गेलं. माझ्या लक्षात आलं तोवर यंत्राखालच्या ट्रेमध्ये मेणाच्या कपच्यांचा ढीग होता, आणि त्या कपच्यांत कौसाबाईंचं अर्धं यकृत, म्हणजे आमच्याकडं आलेल्यापैकी अर्धं. तिथून ते परत मिळत नाही. सव्वीस वर्षांत तिरका तुकडा मी ओळखला नाही असं आधीही झालं असेल. मोठ्या गाठीत ते झाकून जातं. शेवईत झाकलं जात नाही.

उरलेल्यातून चार स्लाइड केल्या आणि बुधवारी मॅडमसमोर ठेवल्या. मॅडमनी त्या बघितल्या, पुन्हा बघितल्या.

"जोगदंड भाऊ, एवढंच?"

"निम्मं ट्रिमिंगमध्ये गेलं मॅडम. तिरकं बसलं होतं."

 त्यांनी मला शेजारच्या नळीतून बघायला सांगितलं. आमच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांसाठी दोन नळ्या आहेत. यकृतात ठरावीक अंतरावर एक चौक असतो. तिथं एक शीर, एक धमनी आणि एक पित्तनलिका एकत्र जातात. चार चौक दिसत होते. चारही ठिकाणी गर्द निळ्या ठिपक्यांची गर्दी होती. ते ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींमधला एक प्रकार. बाहेरून आलेला जंतू ओळखून त्याला मारणं हे त्यांचं काम. इथं त्या पित्तनलिकेच्या जागेभोवती जमल्या होत्या. नलिका मात्र एकाही चौकात नव्हती.

"नलिका या पेशींनी खाऊन टाकली म्हणून दिसत नाही, का आपल्या कापात आली नाही म्हणून दिसत नाही?" मॅडमनी विचारलं. "चार चौकांवरून मी सांगू शकत नाही. सहीच करू शकत नाही."

दैनिकात असताना आम्हाला शिकवलं होतं की 'आढळले नाही' आणि 'नाही' या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

गुरुवारी नामदेव रिपोर्ट न्यायला आले. डोक्याला लाल मुंडासं, हातात काठी, बरोबर कौसाबाई. त्या बाकावर टेकल्या नाहीत, दाराशी खाली बसल्या. बसल्या बसल्या पिशवीतून लोकर विंचरायची फणी काढली आणि तळपाय खाजवू लागल्या.

मी म्हणालो, "बाई, बाकावर बसा."

"नगं भाऊ. कुनाला लागंल."

मॅडम बाहेर आल्या. रिपोर्ट तयार नाही, तुकडा कमी पडला, पुन्हा सुई लागेल, एवढं त्यांनी सांगितलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. कौसाबाईंनी मान हलवली.

"पुना सुई न्हाई. एकदा टोचली ती बास. त्या राती जीव ऱ्हातोय का जातोय झालतं."

"बाई, त्याशिवाय कळणार कसं?"

"मला कळून काय करायचंय? दोन साल काढली, अजून काढीन. मला कागद पायजे. लेक सातव्यात येतीय. आईच्या घरी येऊन तिला आईनंच हात लावायचा न्हाई व्हय?"

नामदेव खालमानेनं काठीचं टोक फरशीवर फिरवत होते. मी त्यांना बाहेर, जिन्यापाशी नेलं आणि सांगितलं की तुकडा कमी आला नव्हता. पुरेसा आला होता. निम्मा माझ्या हातून गेला.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"मेंढरू कातरताना बी कातडं कापतंय कंदी कंदी," ते म्हणाले. "पन ते वरडतंय तरी. हे वरडलं बी न्हाई?"

"नाही."

"मंग तुमाला तरी कसं कळावं." मग त्यांनी विचारलं, "उरलंय का काई?"

उरलं होतं. ठोकळ्यात कागदाच्या जाडीएवढं. पण मायक्रोटोमच्या हिशेबात कागदाची जाडी म्हणजे वीसेक काप.

शुक्रवारी सकाळी मी पातं नवीन बसवलं. ठोकळा बर्फावर ठेवून गार केला, कारण गार मेण कमी चुरतं. पंखा बंद केला, दार लावून घेतलं. ठोकळा पात्याला समांतर आहे की नाही, हे तीनदा बघितलं. तुकडा तिरका होता, पण आता उरलेला भाग सपाट झाला होता. जे जायचं ते मंगळवारीच गेलं होतं. एक काप, एक स्लाइड, एक नंबर. एकही काप टाकायचा नाही, असं ठरवलं होतं. सातव्याला घडी पडली, ती ब्रशनं पाण्यावर सोडवली. चोविसाव्या कापात फक्त मेण आलं. तेही स्लाइडवर घेतलं.

विषम क्रमांक आधी रंगवायचे आणि सम कोरे ठेवायचे, असं मॅडमनी सांगितलं होतं. कोरे पुढच्या रंगासाठी लागतात. दुपारी त्या एकेक स्लाइड बघत गेल्या, मी शेजारच्या नळीला डोळा लावून. पहिल्या आठमध्ये एक नवा चौक सापडला, नलिका नाही. मॅडमनी चष्मा पुसला. नववी रंगवलेली स्लाइड म्हणजे सतरावी. त्यांनी ती सरकवली आणि हात थांबवला.

पित्तनलिका आडवी कापली की विहिरीसारखी गोल दिसते. भिंतीच्या पेशी कठड्याच्या दगडांसारख्या एका रांगेत असतात. इथं कठडा होता, पण दोन ठिकाणी ढासळलेला. निळे ठिपके भोवती जमून थांबले नव्हते, ते दगडांच्या फटींतून आत शिरले होते. बाजूला मोठ्या, फिकट पेशींचा एक पुंजका होता. मॅक्रोफेज नावाच्या या पेशी मेलेलं आणि मोडलेलं गिळतात.

"आता बोला," मॅडम म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

असा पुंजका क्षयातही दिसतो, आणि आमच्या भागात क्षयाची शंका कधीच सोडून चालत नाही. सोळा आणि अठरा नंबरच्या कोऱ्या स्लाइडवर मी क्षयाच्या जंतूंचा रंग लावला. मॅडमनी दोन्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितल्या. जंतू सापडले नाहीत. सोमवारी त्यांनी रिपोर्टवर सही केली. पोटाच्या डॉक्टरांना जे नाव अपेक्षित होतं तेच नाव होतं.

नामदेव एकटे आले. रिपोर्ट इंग्रजीत होता. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कागदावर यकृताचं चित्र काढायला घेतलं.

"नळ्या म्हाईत हायती मला," नामदेव म्हणाले. "मेंढराच्या काळजात पानासारखं जंत पडत्यात तवा त्या जाड व्हत्यात. सुरी लावली की कळतंय. हिला बी जंत हायती का?"

"जंत नाहीत. जंतू आला तर मारायला अंगात शिपाई पेशी असतात. त्याच या नळ्यांना परकं समजून चावतायत. नळ्या खराब झाल्या की पित्त तुंबतं. खाज त्यानं येते. कातडीत काही नाही."

नामदेव यांनी विचार केला. "म्हंजी आपलंच कुत्रं आपल्याच मेंढराला चावतंय."

"तसंच."

"कावून पन?"

"ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही."

"मंग कुत्रं मारायचं का?"

"मारलं तर लांडगा कोण अडवणार?" मॅडम म्हणाल्या. "कुत्र्याला मारायचं नाही. मेंढी जपायची. नळ्या जपायची गोळी असते, डॉक्टर लिहून देतील. रोज घ्यायची, कायमची. खाजेचं औषध वेगळं. आणि तुम्ही ते मेंढ्यांचं औषध..."

"न्हाई न्हाई. ते बंद केलंय. दुसऱ्या येळंला पडली तवाच."

"पहिल्या वेळेला बंद करायचं होतं."

"व्हय."

मग कागदाचा विषय निघाला. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये आजार काय आहे ते लिहितात. काय नाही, आणि बाईंनी कुणाला हात लावावा, हे लिहायची पद्धत नाही. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "जोगदंड भाऊ, तुम्ही पेपरात होता ना? लिहा मराठीत. चार ओळी."

मी लिहिलं: 'कौसाबाई यांना खरूज नाही. त्यांच्या यकृतातील पित्तनलिकांना सूज असून खाज त्यामुळे येते. हा आजार स्पर्शाने, ताटातून किंवा अंथरुणातून अजिबात पसरत नाही. त्या बाळंतिणीला व बाळाला हात लावू शकतात.' मॅडमनी 'अजिबात' खोडला. "पसरत नाही म्हणजे पसरत नाही," म्हणाल्या. संपादकांनीही तेच केलं असतं. खाली त्यांची सही झाली. त्या आठवड्यात डॉक्टर आले तेव्हा त्यांचीही घेतली.

कागद चौसाळ्याला पोचल्यावर काय झालं, ते नामदेव यांनी पुढच्या खेपेला सांगितलं. व्याह्यांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, "सह्या दोन कावून?"

"मी म्हन्लं, एक म्याडमची, एक डाक्टरची. तर म्हन्तो, शिक्का कुटं हाय? मी कागद उलटा धरून दावला. शिक्का मागं हुता. लई बेरकी मानूस. पन शिक्का बघितल्यावर म्हन्ला, न्या."

आणखी एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. कौसाबाईंची घोंगडी जाळीपासून उचलून घरात आणली, ती त्यांनी स्वतः. आई, म्हणजे कौसाबाईंची सासू, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सुनेच्या हातची भाकरी मागून घेतली.

गोळी सुरू होऊन सहा महिने झाले. सप्टेंबरच्या तपासणीत पित्ताच्या अडथळ्याचा आकडा पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी आला. तो अजून साधारण पातळीवर आलेला नाही. डोळ्यांचा पिवळेपणा गेला आहे. खाज कमी आहे, गेलेली नाही. फणी अजून पिशवीत असते. नळ्यांचं किती नुकसान आधीच झालं होतं, हे वाया गेलेल्या निम्म्या तुकड्यात कदाचित दिसलं असतं. उरलेल्यात ते सांगण्याइतके चौक नव्हते, आणि रिपोर्टमध्ये तसं एक वाक्य आहे. ते वाक्य माझ्यामुळे आहे.

ठोकळ्यात आता काही शिल्लक नाही. रंगवलेल्या आणि कोऱ्या स्लाइड लॅबच्या कपाटात नंबरानं लावून ठेवल्या आहेत.

संगीताला सातव्या महिन्यात नेकनूरला आणलं. आषाढात तिला मुलगी झाली. बाळाला पहिले चाळीस दिवस तेल लावून कौसाबाईंनीच न्हाऊ घातलं, असं नामदेव यांनी फोनवर सांगितलं. फोन संगीतानं घेतला आणि या माहितीला दुजोरा दिला.